आधी होल्डर बघा, मग ड्रिलला शिव्या द्या

आयटीआयमधून निघून पहिल्यांदा व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) उभं राहिलं की लक्ष दोनच ठिकाणी जातं, कंट्रोलच्या स्क्रीनवर आणि कटरच्या टोकावर. कटर मशीनला धरून ठेवणारा मधला किलो-सव्वा किलोचा होल्डर कुणी बघत नाही. मीही बघत नव्हतो.

नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या शॉपमध्ये सेटर (मशीनवर टूल आणि जॉब लावून देणारा) म्हणून माझं दुसरं वर्ष चालू होतं. अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर, त्यात १० मिमीचं होल, ड्रॉइंगवर ०.०५ पर्यंत मोठं चालणार होतं. येत होतं १०.१२. मी ड्रिल बदललं, मग परत बदललं. तिसऱ्या ड्रिललाही तेच आल्यावर दुकानदाराला फोन करून भांडलो. तोवर चाळीसएक पीस रिजेक्टच्या लाल डब्यात गेले होते. शेवटी आमचे जुने सेटर काका आले. त्यांनी ड्रिलकडे पाहिलंही नाही. होल्डर काढला, नट उघडला, कोलेट (ड्रिलला आवळून धरणारी खाचांची बाही) हातात घेऊन दाराच्या उजेडाकडे धरली आणि मला बोलावलं. कोलेटच्या एका खाचेत नखाच्या कापलेल्या तुकड्याएवढी अ‍ॅल्युमिनियमची चीप दबून चपटी झाली होती. ती टाचणीने काढली, कोलेट पुसली, पहिलंच ड्रिल परत लावलं. होल १०.०३.

काका एवढंच म्हणाले, "फोन करून सॉरी म्हण त्याला."

महिंद्रा, बॉश, ओझरची एचएएल यांच्यामुळे सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या पट्ट्यात मशीनिंगची कामं करणारी शेकडो लहान-मोठी शॉप आहेत. दरवर्षी नवी पोरं येतात. त्यांना पहिल्या महिन्यात मी जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो.

पहिलं काम: मशीनचं तोंड ओळखा

होल्डर घेण्याआधी मशीनच्या स्पिंडलचा (टूल फिरवणाऱ्या दांड्याचा) टेपर, म्हणजे होल्डर बसतो तो निमुळता भाग, कोणता ते मॅन्युअलमध्ये बघा. आपल्याकडच्या बहुतेक व्हीएमसींवर बीटी-४० असतो. लहान ड्रिल-टॅप मशीनवर बीटी-३० आणि जड मशीनवर बीटी-५०. तिघांचाही उतार सारखाच, ७/२४. टेपरच्या मोठ्या टोकाचा गेज व्यास बीटी-३० ला ३१.७५, बीटी-४० ला ४४.४५ आणि बीटी-५० ला ६९.८५ मिमी. हा उतार मुद्दाम मोठा ठेवलेला आहे, म्हणजे होल्डर स्वतःहून अडकून बसत नाही. ड्रिलिंग मशीनवरचा मोर्स टेपर ठोकला की घट्ट बसतो आणि काढताना ड्रिफ्ट (पाचर) मारावी लागते. बीटीचं तसं नाही. त्याला स्पिंडलच्या आतल्या डिस्क स्प्रिंग वर ओढून धरतात, आणि टूल बदलताना हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने स्प्रिंग दाबल्या की होल्डर सुटतो.

स्प्रिंग ज्याला पकडून ओढते तो पुल स्टड. नव्या माणसाची सगळ्यात महागडी चूक इथे होते. पुल स्टडच्या डोक्याचा कोन ४५, ६० किंवा ९० अंशांचा असतो. तिन्ही बीटी-४० च्या एम-१६ आट्यात छान बसतात आणि लांबून सारखेच दिसतात. चुकीचा लावला तर ग्रिपर नीट पकडत नाही आणि फिरत्या स्पिंडलमधून होल्डर सुटू शकतो. म्हणून एका शॉपमध्ये दोन कंपन्यांची मशीन असतील तर दोन्हीकडचा पुल स्टड शेजारी ठेवून बघा, आणि वेगळे निघाले तर होल्डरच्या कॉलरवर (टेपरच्या मोठ्या टोकाच्या कड्यावर) रंगाचा ठिपका द्या. पुल स्टड टॉर्क रेंचनेच आवळा, आकडा स्टडच्या किंवा मशीनच्या कागदावर असतो. पाइप लावून आवळला तर टेपरचं मागचं टोक किंचित फुगतं. डोळ्याला दिसत नाही, पण होल्डर त्या फुगवट्यावरच टेकतो आणि पुढची बाजू सैल राहते.

जाता जाता एक शंका. साधा बीटी होल्डर लावल्यावर त्याची कॉलर आणि स्पिंडलचं तोंड यांत बारीक फट दिसते. ती तशीच असते, तो दोष नाही. कॉलरही तोंडाला टेकावी अशी रचना वेगळ्या, दुहेरी टेकणाऱ्या होल्डरांत असते. त्यासाठी स्पिंडलही तसाच लागतो. एचएसके हा तर वेगळाच प्रकार, पोकळ आणि १:१० उताराचा. हाय-स्पीड मशीन मिळालं की तेव्हा बघा.

दुसरं: कामाला कोणता होल्डर

इथे दुकानदार तुम्हाला कॅटलॉगची पंचवीस पानं दाखवेल. त्यातले पाच-सहा प्रकार पुरतात.

ईआर कोलेट होल्डर म्हणजे शॉपचा पोळी-भाजीचा डबा. ड्रिल, रीमर (होल नेमक्या मापाला आणणारं टूल), लहान एंड मिल, काहीही धरा. कोलेटवर जो आकडा असतो ती तिची कमाल मर्यादा. १० ची कोलेट १० पासून ९ मिमीपर्यंत आवळते. पण आवळते म्हणून ९.१ चं ड्रिल १० च्या कोलेटमध्ये लावू नका, पकड दोन टोकांवरच राहते. ज्या मापाचा शँक (टूलचा दांडा) त्याच मापाची कोलेट घ्या. आणि १० च्या कोलेटमध्ये १०.२ चा शँक कधीही दाबून घालू नका, तिथेच ती कोलेट मेली. ईआर-३२ मध्ये २० मिमीपर्यंतचा शँक बसतो, ईआर-१६ मध्ये १० पर्यंत. फिक्श्चरच्या भिंतीजवळ काम असेल तर बारीक नटची ईआर-१६ हवीच.

ईआरची कमजोरी जोरकस रफिंगमध्ये (भराभर जास्त माल काढताना) कळते. एंड मिलची हेलिक्स, म्हणजे पिळाची धार, कटरला खाली ओढत राहते, कोलेट किंचित सरकते आणि पॉकेटची खोली पीसगणिक वाढत जाते. ऑपरेटर ऑफसेट (कंट्रोलमध्ये भरलेलं टूलच्या लांबीचं माप) बदलत बसतो. शँकवर नटच्या काठाशी मार्करने रेघ मारून ठेवा. रेघ नटपासून दूर गेलेली दिसली की ऑफसेटला हात लावू नका, होल्डर बदला.

अशा रफिंगला आणि यू-ड्रिलला (इन्सर्ट लावायच्या ड्रिलला) साइड लॉक होल्डर. शँकवर सपाट खाच असते, तिच्यावर बाजूने स्क्रू बसतो. कटर निसटणार नाही याची खात्री, पण स्क्रू कटरला एका बाजूला ढकलतो, त्यामुळे रनआउट, म्हणजे फिरताना टूल मध्यापासून किती डगमगतं ते, ईआरपेक्षा जास्त. फिनिशिंगला वापरू नका. खाच नसलेल्या कार्बाइड शँकवर हँड ग्राइंडरने खाच पाडणारे महाभाग मी पाहिलेत. कार्बाइडला तिथूनच तडा जातो.

रीमर आणि फिनिशिंग एंड मिलसाठी हायड्रॉलिक चक. आतल्या पातळ भिंतीमागे तेल असतं, एलन की फिरवली की भिंत चहूबाजूंनी सारखी आवळते. किंमत ईआरच्या कितीतरी पट, पण रनआउट ०.००३ च्या आसपास मिळतो. एकच पथ्य, टूल घातल्याशिवाय की फिरवायची नाही. रिकामा आवळला तर आतली भिंत कायमची वाकते. श्रिंक फिट होल्डरमध्ये होल्डरचं तोंड इंडक्शनने तापवून टूल घालतात, थंड झालं की पकड येते. कार्बाइड स्टीलपेक्षा कमी प्रसरण पावतं म्हणून परत तापवून ते काढता येतं. त्याचं तापवायचं मशीन वेगळं घ्यावं लागतं, त्यामुळे दोन-तीन व्हीएमसीच्या शॉपने त्याच्या मागे लागू नये असं माझं मत.

फेस मिलला आर्बर, २२ किंवा २७ मिमीचा. टॅपला मशीन रिजिड टॅपिंग (स्पिंडलचे फेरे आणि फीड जुळवून आटे पाडणं) करत असेल तर टॅपचा चौकोन धरणारी कोलेट, नसेल तर तरंगता टॅपिंग होल्डर. संपलं.

टर्निंगवाल्यांसाठी: कोड वाचायला शिका

सीएनसी लेथवर होल्डर मागवताना नवीन पोरगं "सीएनएमजीचा होल्डर द्या" म्हणतं आणि समोरचा विचारतो, कोणता? कोड एकदा समजला की कायमचा कामाला येतो. एमसीएलएनआर २५२५ एम १२ घ्या. पहिला एम म्हणजे इन्सर्ट (बदलता येणारा धारेचा तुकडा) पिन आणि वरचा क्लॅम्प दोन्हींनी धरलेली. पी असता तर लिव्हर, एस असता तर मधला स्क्रू. सी म्हणजे ८० अंशांची चौकट, डी ५५ ची, व्ही ३५ ची. एल म्हणजे ९५ अंशांचा अप्रोच. एन म्हणजे इन्सर्टला क्लिअरन्स शून्य, तिथे सी आला तर ७ अंश. आर म्हणजे उजवा. मग शँकची उंची २५, रुंदी २५, एम म्हणजे लांबी १५० मिमी आणि १२ म्हणजे इन्सर्टच्या धारेची लांबी. सीएनएमजी १२०४०८ ही इन्सर्ट याच्यावर बसणार.

इन्सर्टखाली शिम, म्हणजे टेकूची चकती, असते. ती फुटली किंवा तिच्या कोपऱ्याला खड्डा पडला की नवी इन्सर्टही हलते आणि तुटते. आमच्याकडे आठवडाभर एकाच मशीनवर इन्सर्ट फुटत होत्या. ग्रेड बदलून झाला, फीड कमी करून झाला. शिम उलटून पाहिली तर खाली अर्धी गायब. इन्सर्ट बदलताना दर वेळी खालची जागा ब्रशने झाडा, नखाने चाचपून बघा.

लांबी: सगळ्यात जास्त नुकसान इथे

लांब होल्डर सोयीचा वाटतो, कारण एकदा सेट केला की सगळीकडे पोहोचतो. पण बाहेर आलेली लांबी दुप्पट केली तर त्याच जोराला टूल आठपट वाकतं. लांबीच्या घनाच्या हिशोबाने ते वाढतं. उलटा फायदाही तेवढाच. ओव्हरहँग फक्त २० टक्के कमी केला तर वाकणं जवळपास निम्म्यावर येतं. बोरिंग बारला साधी मर्यादा लक्षात ठेवा. स्टीलचा बार व्यासाच्या तिप्पट-चौपट लांबीपर्यंत, कार्बाइडचा सहापटीपर्यंत. २० मिमीचा स्टील बार ८० च्या पुढे काढला की जॉब किंचाळायला लागतो आणि आत लाटा उमटतात. लोक मग आरपीएम कमी करतात. आधी बार आत ढकला.

कटरच्या बाबतीतही तेच. जॉबला ३० मिमी पोहोचायचं असेल तर ५० बाहेर काढू नका. मात्र शँक कोलेटच्या लांबीच्या किमान दोन-तृतीयांश आत हवाच, नाहीतर कोलेट पुढून आवळते आणि मागून सैल राहते.

कोलेट बसवणं, हात कसे चालतात ते

हे मी नव्या मुलाला करून दाखवतो, मग त्याच्याकडून दहा वेळा करून घेतो.

कोलेट आधी नटमध्ये. होल्डरमध्ये नाही. नटच्या आत एक कडी असते, ती मधोमध नसून जरा एका बाजूला असते. कोलेट तिरकी धरून खाच त्या कडीत अडकवायची आणि सरळ करायची. "टक्" असा आवाज येतो, बोटांना तो झटका जाणवतो. तो आल्याशिवाय पुढे जायचं नाही. ज्याने कोलेट थेट होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवला, त्याची कोलेट वाकडी बसते आणि आवळताना तिचा काठ तुटतो. शिवाय नट उघडल्यावर कोलेट आतच राहते आणि पोरगं ती काढायला स्क्रू-ड्रायव्हर घालतं.

कोलेट नटमध्ये बसली की नट होल्डरवर दोन-तीन आटे फिरवा, मग टूल घाला, लांबी बघा आणि आवळा. कोलेटच्या आतून आणि शँकवर तेल नको. तेल असेल तर पकड कमी होते. आटे मात्र स्वच्छ आणि हलकेसे तेलकट चालतील. ईआर-३२ ला नट आवळायची कमाल मर्यादा साधारण १३५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर टेबलावर लॉकिंग फिक्श्चर बोल्टने पक्कं करा आणि सी-पान्याने हाताच्या जोराने आवळा. पाना धरायला पाइप नाही, हातोडी तर अजिबात नाही. आणि होल्डर व्हाइसच्या जबड्यात टेपरवर पकडायचा नाही. हे सांगावं लागू नये, पण दरवर्षी सांगावं लागतं.

डायल लावा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका

रनआउट तपासायला लिव्हर डायल, ज्याला आपण पपी डायल म्हणतो. स्पिंडल न्यूट्रल करून हाताने हळू फिरवा. डायलची पिन कटरच्या धारेवर टेकवायची नाही, शँकच्या गुळगुळीत भागावर, नटच्या जवळ. फिनिशिंगला ०.०१ च्या आत हवं, रफिंगला ०.०२ चालतं.

का हवं, त्याचा हिशोब करून बघा. दोन दातांचा कटर, फीड दाताला ०.०५. रनआउट ०.०२ असेल तर एक दात ०.०७ कापतो आणि दुसरा ०.०३. म्हणजे एका दातावर दुप्पटीहून जास्त भार. तो आधी झिजतो, मग दुसऱ्यालाही घेऊन जातो. कटर "लवकर गेला" म्हणतात ते हेच.

रनआउट जास्त आला तर दोष नेमका कुठे ते शोधायची पद्धत आहे. डायल जिथे जास्तीत जास्त दाखवतो तिथे शँकवर मार्करने ठिपका करा, आणि त्याच्या समोर कॉलरवर व स्पिंडलवरही. आता होल्डर काढून १८० अंश फिरवून परत लावा. बीटीच्या दोन्ही खाचा सारख्या असल्याने ते जमतं. उंच जागा स्पिंडलच्या ठिपक्याशीच राहिली तर दोष स्पिंडलमध्ये किंवा त्यात अडकलेल्या घाणीत. होल्डरबरोबर फिरली तर होल्डर, कोलेट किंवा टूल. मग टूल कोलेटमध्ये अर्धा फेरा फिरवून बघा, नंतर कोलेट. तीन-चार प्रयत्नांत चोर सापडतो. मोठ्या कष्टाचं वाटतं, पण दहा मिनिटांचं काम आहे, आणि तीन ड्रिल विकत आणण्यापेक्षा स्वस्त.

घाणीचा किती फरक पडतो तेही सांगतो. बीटी-४० च्या टेपरची लांबी साधारण ६५ मिमी. मागच्या टोकाला एका बाजूला ०.०१ मिमीचा कण अडकला, तर १०० मिमी पुढे असलेलं टूलचं टोक ०.०१५ सरकतं. फिरताना डायलवर ते दुप्पट, म्हणजे ०.०३ दिसतं. माणसाचा केस साधारण ०.०७ चा असतो. केसाच्या सातव्या हिश्श्याचा कचरा, आणि तुमचा रीमर वाया.

पुसणं आणि ठेवणं

दर वेळी होल्डर लावण्याआधी टेपर स्वच्छ, सुती, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. कॉटन वेस्ट नको, त्याचे दोरे टेपरवर राहतात. मग कापड न लावता तळहाताची कड टेपरवरून फिरवा, कण असेल तर हाताला लागतो. स्पिंडलच्या आतला टेपर पुसायला प्लास्टिकचा टेपर क्लीनर मिळतो, आठवड्यातून एकदा मशीन थांबवून वापरा. एअर गन स्पिंडलच्या आत मारू नका, चिपा आत जाऊन बसतात.

टेपरवर तांबूस-तपकिरी डाग दिसायला लागले की ते फक्त गंज समजून घासू नका. होल्डर स्पिंडलमध्ये बारीक हलत असेल तरी असे डाग पडतात. स्प्रिंगचा जोर कमी झाला असू शकतो, तो मोजायचं गेज मशीनच्या सर्व्हिसवाल्याकडे असतं. टेपरला एमरी पेपर लावायचा नाही. कधीच. डाग हलके असतील तर तेल आणि कापड, बस.

नाशिकचा पावसाळा होल्डरचा शत्रू. जून ते सप्टेंबर शेडमध्ये दमट हवा, त्यात कूलंटचे शिंतोडे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी न वापरलेल्या होल्डरवर पातळ गंजरोधक तेलाचा हात फिरवा, आणि लावताना ते पूर्ण पुसा. तेल तसंच ठेवून स्पिंडलमध्ये लावलं तर त्याचाही थर होतो. कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने बघा. नुसतं पाणी वाढवत गेलेला कूलंट होल्डरसकट मशीनचं टेबलही गंजवतो. होल्डर लोखंडी ड्रॉवरमध्ये एकमेकांवर आपटत टाकू नका. प्लास्टिकच्या भोकांचा रॅक घ्या, तो नसेल तर लाकडाच्या फळीला भोकं पाडा. आमच्याकडे अजून तीच फळी आहे.

पहिल्या व्हीएमसीसाठी काय घ्यावं

स्वतःचं एक मशीन टाकणाऱ्यांनी सुरुवातीला ईआर-३२ चे पाच-सहा आखूड होल्डर, दोन लांब, ईआर-१६ चे दोन, एक फेस मिल आर्बर, एक साइड लॉक आणि रीमिंगचं काम असेल तर एक हायड्रॉलिक घ्यावा. पैसे वाचवायचे तर होल्डरची संख्या कमी करा, कोलेटच्या दर्जात काटकसर नको. एका सेटमध्ये मिळणाऱ्या पंधरा-वीस स्वस्त कोलेटपेक्षा रोज लागणाऱ्या मापांच्या चार चांगल्या घ्या. त्यांच्या पाकिटावर ०.०१० किंवा ०.००५ असा रनआउटचा आकडा लिहिलेला असतो. दुकानात घेतानाच डायल लावून बघू देणारा दुकानदार मिळाला तर तो धरून ठेवा.

कोलेट ही झिजणारी वस्तू आहे हे मालकाला पटवणं अवघड जातं. होल्डर दहा वर्षं चालतो, कोलेट नाही. तिचं तोंड फाकलेलं दिसलं, खाचा एकसारख्या नसल्या किंवा आत चकचकीत रेघा पडल्या की बदला. नटचे आटे बोटाला खरखरीत लागले तर नटही. पुल स्टडच्या मानेला तडा दिसला तर त्याच क्षणी. प्रत्येक होल्डरवर इलेक्ट्रिक एचरने नंबर कोरा आणि वहीत एक रकाना ठेवा, रनआउट कधी तपासला आणि किती आला.

होल्डर खाली पडला आणि टेपरला ठोका बसला, तर तेलाच्या दगडाने फक्त वर उठलेला भाग उतरवा. मग मार्किंग ब्लू लावून स्पिंडलच्या टेपरशी किंवा गेजशी घासून बघा. निळा रंग मोठ्या टोकाकडे सगळीकडून उमटला पाहिजे. नुसता मागे उमटत असेल तर तो होल्डर मशीनवर परत जाता कामा नये. तो "नंतर बघू" म्हणून रॅकवर ठेवायचा नाही. आमच्याकडे असा एक ठेवला होता, आणि रात्रपाळीच्या मुलाने घाईत तोच लावला. तेव्हापासून बाद केलेल्या होल्डरचा पुल स्टड काढून मी टेपरवरच ग्राइंडरने आडवी खोल खाच पाडतो. त्यातला एक सध्या ऑफिसचं दार अडवायला आहे.